नवरा पॉझिटिव्ह, बायको निगेटिव्ह: मूल होऊ द्यावं का?

दापोली तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मिस्टर ट्रॉलरवर खलाशी आहेत. दोन वर्षांपूर्वी टीबी झाला, तेव्हा रक्तात एचआयव्ही निघाला. सरकारी दवाखान्यातून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या चालू आहेत. मागच्या वर्षीच्या व्हायरल लोडच्या (रक्तात विषाणू किती आहे त्याच्या) रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' लिहिलंय. मी निगेटिव्ह आहे, निरोध वापरतो. सासूबाईंना यातलं काही माहीत नाही, त्या नातवंडासाठी मागे लागल्यात. समुपदेशक मॅडम एका अमेरिकन डॉक्टरच्या संशोधनाचा दाखला देऊन म्हणतात की आता लागण होत नाही. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, ते तिकडच्या लोकांचं झालं, तुम्ही धोका पत्करू नका, हवं तर मुंबईला जाऊन वीर्य धुऊन (त्यातले शुक्राणू वेगळे काढून) घ्या. आम्ही कोणाचं ऐकावं? आणि या गोळ्या कधी बंद होतात?"

ताई, मॅडमचं ऐका. फक्त तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकला, तो म्हणजे 'मागच्या वर्षीच्या'. त्याच्याकडे येतोच.

आधी तालुक्याच्या डॉक्टरांबद्दल. ते तुम्हाला घाबरवायला बोलत नाहीत. आमच्या पिढीला कॉलेजात हेच शिकवलं होतं: एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह असेल तर जन्मभर निरोध आणि मुलाचा विचार सोडा. किनारपट्टीवरच्या एआरटी केंद्रात मी स्वतः कित्येक जोडप्यांना सुरुवातीची वर्षं हेच सांगत होतो, कारण त्याहून वेगळं सांगायला हातात पुरावा नव्हता. पुरावा आला २०११ साली.

तो अमेरिकन डॉक्टर म्हणजे मायरन कोहेन, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे. त्यांचं काम मला आवडतं ते एका साध्या कारणासाठी. एचआयव्हीबाधित माणसापासून दुसऱ्याला लागण होते हे सगळेच सांगत होते. या माणसाने विचारलं, नेमकी कधी होते? नव्वदच्या दशकात आफ्रिकेतल्या मलावी देशात, लिलाँग्वे शहरात, त्यांच्या गटाने एचआयव्ही असलेल्या पुरुषांचं वीर्य तपासलं. ज्यांना शिवाय गुप्तरोगामुळे मूत्रमार्गाची सूज होती, पू येत होता, त्यांच्या वीर्यात विषाणू सुमारे आठपट जास्त सापडला. साध्या अँटिबायोटिकने सूज उतरवली तशी ती पातळीही खाली आली. एचआयव्हीचं औषध तिथे दिलेलंच नव्हतं. म्हणजे माणूस तोच, आजार तोच, पण त्याच्यापासूनचा धोका कमीजास्त होतो, आणि तो आपल्याला कमी करता येतो.

मग २००० साली युगांडातल्या राकाई जिल्ह्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे ४१५ जोडपी होती, एक बाधित आणि एक नाही अशी. ज्यांच्या रक्तात एका मिलिलिटरमागे १५०० पेक्षा कमी विषाणू होते, त्यांच्या जोडीदारांपैकी एकालाही लागण झाली नाही. तेव्हा त्या लोकांना औषधं मिळतच नव्हती. काहींच्या शरीरानेच विषाणू दाबून ठेवलेला होता. मग पुढचा प्रश्न सरळ होता. शरीराने दाबला तर लागण होत नाही, गोळीने दाबला तर?

कोहेन यांच्या नेतृत्वाखालच्या एचपीटीएन ०५२ या चाचणीने तेच तपासलं. ९ देश, १७६३ जोडपी. आणि ताई, 'तिकडच्या लोकांचं' असं जे म्हटलं गेलं त्याचं उत्तर इथे आहे. त्या ९ देशांत आपला भारत होता, आणि भारतातली केंद्रं होती पुण्यात आणि चेन्नईत. पुण्याचं केंद्र म्हणजे भोसरीची तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. चेन्नईचं म्हणजे वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाची संस्था. ती उभारणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, घर मराठी. १९८६ मध्ये भारतातली पहिली एचआयव्हीची लागण त्यांच्याच गटाने शोधून काढली होती. तेव्हा तुमच्या-माझ्यासारखं बोलणारी, भात-भाकरी खाणारी नवराबायकोची जोडपी त्या १७६३ मध्ये होती. बाकीची बरीचशी आफ्रिकेतली. गोऱ्या लोकांपुरतं संशोधन म्हणायला तिथे जागाच नाही.

चाचणी अशी होती. बाधित जोडीदाराची सीडी-४ ही प्रतिकारपेशींची संख्या ३५० ते ५५० च्या दरम्यान. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एका गटाला गोळ्या लगेच सुरू. दुसऱ्याला सीडी-४ २५० पर्यंत उतरली किंवा एड्सचा आजार दिसला की सुरू. त्या काळी बऱ्याच देशांत औषध उशिराच सुरू करायची पद्धत होती. निरोध आणि समुपदेशन दोन्ही गटांना सारखंच. अभ्यास अजून काही वर्षं चालायचा होता, पण देखरेख समितीने आकडे पाहिले आणि मे २०११ मध्येच निकाल जाहीर करायला लावला. जोडीदाराकडूनच झाल्याची खात्री पटलेल्या लागणी २८ होत्या. त्यातल्या २७ उशिरा औषध सुरू करणाऱ्या गटात, लगेच सुरू करणाऱ्यांत १. म्हणजे ९६ टक्के घट. थांबलेल्या गटालाही तेव्हाच औषध देऊ केलं गेलं.

'जोडीदाराकडूनच झाल्याची खात्री' हे कसं कळलं, ते सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे यावरून संसार मोडलेत. दोघांच्या रक्तातल्या विषाणूची जनुकं तपासून ती एका घरातली आहेत का हे पाहतात. २०१६ मध्ये चाचणीचे अखेरचे आकडे आले तेव्हा एकूण ७८ जोडीदारांना लागण झालेली होती, त्यातल्या ४६ जणांचा विषाणू घरचा निघाला आणि २६ जणांचा बाहेरचा. राहिलेल्यांचं नक्की ठरवता आलं नाही. हे मोठ्या अभ्यासात जमतं. आपल्या केंद्रात तसली तपासणी होत नाही, आणि कोणी कोणाला दिला हे रिपोर्टवरून कळतही नाही. तरी गावात कोर्ट भरतं. बाई पोटुशी राहते, म्हणून घरात पहिली तपासणी तिची होते, आणि पहिलं नाव तिचं निघालं की "सुनेने आणला" म्हणून मोकळे. पहिली तपासणी झाली एवढाच तिचा गुन्हा. तुमच्या घरात उलटं झालंय, पण शेजारणीच्या घरात असं काही कानावर आलं तर एवढं तिच्या सासरच्यांना सांगा.

आता माझ्या दृष्टीने त्या चाचणीतला सगळ्यात कामाचा भाग, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. अखेरच्या हिशेबात, औषध सुरू झाल्यानंतरही जोडीदाराकडून झालेल्या लागणी होत्या, एकूण ८. संशोधकांनी त्या एकेक करून पाहिल्या. ४ औषध नुकतंच सुरू झालेलं असतानाच्या, विषाणू अजून दबलेला नव्हता तेव्हाच्या. उरलेल्या ४ औषध निकामी झाल्यानंतरच्या, म्हणजे विषाणू पुन्हा वर आलेला होता. ज्यांचा विषाणू स्थिरपणे दबलेला होता, त्यांच्याकडून एकही नाही. नंतर युरोपातल्या पार्टनर नावाच्या अभ्यासातही हेच दिसलं. ८८८ जोडपी, निरोधाशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून लागण शून्य. ११ जणांना एचआयव्ही झाला खरा, पण तो बाहेरून आलेला.

तर ताई, लागण थांबते ती विषाणू दबल्यामुळे. गोळ्यांचा डबा घरात असल्यामुळे नाही. आणि विषाणू दबलाय हे सांगणारा कागद एकच, तुमचा तो रिपोर्ट, ज्याच्यावर तारीख मागच्या वर्षीची आहे. रक्त ज्या दिवशी काढलं त्या दिवसापुरतं तो खात्रीने बोलतो. त्यानंतर मिस्टरांनी रोज गोळी घेतली असेल तर आजही तेच असणार. घेतली नसेल तर तो कागद जुना झाला.

हे मी एवढं ताणतोय ते त्यांच्या धंद्यामुळे. मास्तरांना किंवा बँकेतल्या माणसाला मी एवढे प्रश्न विचारत नाही. ट्रॉलर एकदा बाहेर पडला की परत कधी लागेल याचा नेम नसतो. मासळी चांगली मिळत असेल तर मुक्काम वाढतो, हवा बिघडली तर गोव्याच्या नाहीतर गुजरातच्या कुठल्यातरी बंदराला जाऊन थांबायचं. रात्री जाळं ओढायचं, दिवसा मिळेल तेव्हा झोप. सात-आठ माणसं एका केबिनीत. तिथे कोणी रोज एकाच वेळी डबा उघडून गोळी खायला लागला की तिसऱ्या दिवशी विचारतात, "काय रे, कसली गोळी?"

खलाशी लोक यावर काय काय करतात ते मी पाहिलंय. तीस गोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा हलला की खुळखुळतो, म्हणून आत कापूस कोंबतात. वरचं लेबल सोलून टाकतात. हे चालेल. पण काही जण गोळ्या सुट्ट्या काढून कागदाच्या पुडीत बांधून पँटच्या खिशात ठेवतात, ते मात्र अजिबात नको. समुद्रावरच्या दमट हवेत गोळी फुगते, तुटते. डब्यात ओल शोषणारी छोटी पुडी असते, ती फेकायची नाही, झाकण घट्ट लावायचं. कोणी विचारलंच तर "टीबीनंतरची ताकदीची गोळी आहे" एवढं पुरतं. टीबी झालेला सगळ्यांना माहीतच असतो.

हल्ली बहुतेकांना जी एक गोळी मिळते, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर एकत्र असलेली, ती जुन्या औषधांपेक्षा खूप सोशिक आहे. वेळ तासाभराने पुढेमागे झाली तर बिघडत नाही, फक्त दिवस चुकता कामा नये. जाळ्यावर असताना रात्रीची राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची. घेतल्याघेतल्या उलटी होऊन गोळी बाहेर पडली तर दुसरी घ्यायची. आणि एक गोष्ट कोणीच विचारत नाही: ॲसिडिटीच्या गोळ्या. बोटीवर उपाशीपोटी चहा, तिखट कालवण, त्यामुळे प्रत्येकाच्या खिशात चघळायच्या अँटासिडची पट्टी असते. त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोलुटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतं, औषध रक्तात पोचत नाही. एआरटीची गोळी आधी घ्यायची आणि अँटासिड त्यानंतर दोन तास सोडून; अँटासिड आधीच खाल्लं असेल तर मध्ये सहा तास जाऊ द्यायचे. हे त्यांना विचाराच. रोज नेमाने गोळी घेणाऱ्या माणसाचा लोड वर का गेला याचं उत्तर कधीकधी त्या दहा रुपयांच्या पट्टीत असतं.

लांब जायचं असेल तर केंद्रात आधी सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्या. प्रकृती स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या मिळू शकतात. बाहेरच्या बंदरात अडकले तर तिथल्या सरकारी एआरटी केंद्रात उपचाराचं पुस्तक दाखवून मधल्या दिवसांची सोय होते. त्या पुस्तकाच्या पानांचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. मूळ पुस्तक भिजतंच.

गोळ्या कधी बंद होतात? होत नाहीत. गोळी नव्याने तयार होणारा विषाणू थांबवते, पण काही विषाणू दीर्घायुषी पेशींच्या आत झोपून राहतात आणि झोपलेल्यावर गोळी चालत नाही. हा साठा निम्मा व्हायलाच साडेतीन-चार वर्षं लागतात, म्हणजे औषध कितीही नेमाने घेतलं तरी तो एका जन्मात संपायचा नाही. गोळी बंद केली की बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात दिसायला लागतो. औषधाला मध्ये मध्ये सुट्टी देऊन बघावं, असा प्रयत्नही झाला होता. स्मार्ट नावाच्या त्या चाचणीत ५४७२ माणसं होती, आणि सुट्टी दिलेल्या गटात आजार व मृत्यू वाढल्याचं २००६ मध्ये जाहीर झालं. त्यानंतर तो विषय संपला. तरी दरवर्षी शिमग्याला कोणीतरी मुंबईहून 'एचआयव्ही मुळापासून बरा' करणाऱ्या वैद्याचा पत्ता घेऊन येतो. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, कौल लावा, नवस बोला. गोळी घेऊन जे करायचं ते करा.

आता मुलाचं. बाळाला एचआयव्ही बापाकडून थेट होत नाही. तो आईकडूनच होतो: गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. तुम्ही निगेटिव्ह राहिलात तर बाळ निगेटिव्ह. त्याला कसलंही औषध लागणार नाही, दूध खुशाल पाजा. म्हणजे अख्खा प्रश्न तुमच्यापाशी येऊन थांबतो, आणि तुमचा प्रश्न मिस्टरांच्या लोडपाशी.

वीर्य धुऊन घेण्याची युक्ती खोटी नाही. परिणामकारक औषधं नव्हती त्या काळात तिचा उपयोग होता. आज लोड दबलेला असताना ती करायची म्हणजे मुंबईच्या खेपा आणि खाजगी दवाखान्याचं बिल, पदरात जास्तीचं काही पडत नाही. तुम्हाला मूल नैसर्गिकरीत्या होऊ शकतं. निगेटिव्ह जोडीदाराने घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्याही असतात. लोड दबलेला असेल तर त्यांची गरज नाही. मनातली धाकधूक जातच नसेल तर केंद्रातल्या डॉक्टरांशी बोला, मी त्याला हसणार नाही.

आकड्यांबद्दल एक खुलासा, नाहीतर कोणीतरी गोंधळात टाकेल. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात १००० च्या खाली लोड असला की औषध लागू पडतंय असं धरतात. लागणीचा प्रश्न असेल तेव्हा मी २०० च्या खालचा आकडा मागतो, अनेक देशांत तोच धरला जातो. तुमच्या रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आहे, म्हणजे यंत्राला काही सापडलंच नाही. याहून चांगला रिपोर्ट नसतो. फक्त ताजा हवा.

आणि हे सगळं संबंधातून होणाऱ्या लागणीबद्दल आहे. सुया, रक्त, यांना हा हिशेब लावू नका. तसंच पॉझिटिव्ह आईच्या दुधाला. तिथे लोड दबल्यावर धोका खूपच कमी होतो, पण शून्य म्हणता येत नाही.

सासूबाईंना सांगायचं की नाही हे तुम्हा दोघांचं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्याप्रमाणे दवाखान्यातल्या कोणालाही मिस्टरांच्या संमतीशिवाय हे घरी कळवता येत नाही. आशाताईंनाही नाही. काही अडलं तर १०९७ हा सरकारी मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्याला लागतील आणि मिस्टर दोन महिने घरी असतील. वर्षातला हाच काळ असा की गोळी तुमच्या डोळ्यांसमोर घेतली जाते. त्याआधी, एप्रिलच्या फेरीला, व्हायरल लोडसाठी रक्त देऊ द्या. वार्षिक तपासणीची तारीख आली नसेल तर मूल हवंय म्हणून मागतोय असं स्पष्ट सांगा. रिपोर्टला काही आठवडे धरून चाला. त्याच दिवशी दोघांची गुप्तरोगाची तपासणी करून घ्या, आणि तुमची एचआयव्हीचीही पुन्हा. लोड दबलेला आला की निरोध थांबवा. आला नाही तर घाबरू नका, पण निरोध चालू ठेवा. गोळ्या कुठे चुकतात ते शोधायचं आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. तोवर मुलाचा विचार पुढच्या बंदीपर्यंत ढकलला तरी काही बिघडत नाही.

दिवस गेले की नाव नोंदवताना एचआयव्हीची तपासणी होतेच. तुमच्या बाबतीत ती शेवटच्या तिमाहीत आणि अंगावर पाजत असतानाही पुन्हा व्हावी, कारण ऑगस्टनंतर मिस्टर परत समुद्रावर असतील. नर्सबाईंनी विचारलं "परत कशाला?" तर मिस्टरांचं नाव न घेताही तपासणी मागता येते, तो तुमचा हक्क आहे. आणि फॉलिक ॲसिडची गोळी मेपासूनच सुरू करा, उपकेंद्रात मिळेल.